कॅरोटिडच्या ऑपरेशननंतर घरी बीपी आणि डोकेदुखीवर लक्ष कसं ठेवायचं

मानेतल्या कॅरोटिड नसेतलं ब्लॉकेज निघालं, टाके कोरडे आहेत, पेशंट चालतोय बोलतोय, की घरचे सगळे निवांत होतात. पण नस मोकळी झाली यातच एक धोका असतो. इतके दिवस मेंदूला रक्त कमी पडत होतं म्हणून त्या बाजूच्या बारीक रक्तवाहिन्या कायम फुल्ल रुंदावलेल्या असतात, त्यांची वेळेवर आकसायची ताकदच गेलेली असते, आणि आता वरून पूर्ण जोरात रक्त आलं की ते अडवणारं कुणी नाही. काहींचा प्रवाह आधीच्या दुपटीच्या वर जातो, मग मेंदूला सूज, फिट, नाहीतर थेट रक्तस्राव. याला हायपरपरफ्युजन सिंड्रोम म्हणतात. होतो कमी जणांना, शंभरात साधारण 1 ते 3, पण ब्लॉकेज 90 टक्क्यांच्या वर होतं, दुसऱ्या बाजूची नसही बंद आहे किंवा बीपी जुनं आहे तर जास्त जपा. स्टेंट टाकला असेल तर त्रास बहुतेक पहिल्या दिवसातच दिसतो, कापून ऑपरेशन केलं असेल तर आठवड्याभरात, क्वचित महिन्यापर्यंतही.

तुमच्या हातात काय आहे तर बीपी. डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्या, वरचा आकडा कितीच्या पुढे गेला तर फोन करायचा, आणि तो आकडा कागदावर लिहूनच घ्या कारण प्रत्येकाचा वेगळा असतो. सकाळ संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात छातीच्या लेव्हलला ठेवून मोजा आणि वहीत लिहा, म्हणजे असं: ‘सकाळी 7, डावा हात, 138/84, डोकं दुखत नाही’. ते शेवटचे तीन शब्द रोज लिहायचेच. बीपी वाढलं म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाची गोळी देऊ नका, आणि नॉर्मल आलं म्हणून चालू गोळी बंदही करू नका.

डोकेदुखी ज्या बाजूचं ऑपरेशन त्याच बाजूला, कपाळात नाहीतर डोळ्यामागे ठणकत असेल आणि वाढत चालली असेल, तर झोप झाली नसेल म्हणून गोळी देऊन झोपवणं हा सगळ्यात वाईट उपाय. आधी बीपी बघा आणि लगेच हॉस्पिटलला कळवा. सोबत उलट्या, गोंधळल्यासारखं बोलणं, फिट, तोंड वाकडं होणं, हात पाय लुळा पडणं यातलं काहीही असेल तर फोनवर वेळ घालवू नका, सरळ इमर्जन्सीत. गुठळी अडकून उलट रक्त कमी पडलं तरी लुळेपणा असाच दिसतो आणि दोन्हीची ट्रीटमेंट एकदम वेगळी, त्यामुळे सीटी स्कॅनशिवाय कुणीच ठरवू शकत नाही, म्हणून घरी जास्तीची अ‍ॅस्पिरिन वगैरे अजिबात नको. (ठरलेली रक्त पातळ करायची गोळी मात्र मनाने बंद करायची नाही.) मान सुजून श्वास अडकत असेल तर तीही इमर्जन्सीच.

इमर्जन्सीत गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोला की अमुक तारखेला अमुक बाजूचं कॅरोटिडचं ऑपरेशन झालंय, डोकं कधीपासून दुखतंय, आणि वही पुढे करा, नाहीतर ड्युटीवरच्या डॉक्टरला ते कळणार कसं.