‘गोड बातमी कधी?’ची भीड आणि बाळंतपणाचा मेडिक्लेम : या चुका टाळा

लग्नाला सहा महिने झाले की हळदीकुंकू असो, कुणाची मुंज असो की लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजारच्या काकू असोत, प्रश्न ठरलेलाच. “काय गं, गोड बातमी कधी?” विचारणारीच्या मनात वाईट नसतं, प्रेमापोटीच विचारते ती. पण ऐकणारीचा गेल्याच महिन्यात गर्भपात झालेला असू शकतो, डॉक्टरांच्या चकरा चालू असू शकतात, किंवा तिला आणखी दोन वर्षं मूल नको असेल. ती हसते आणि विषय बदलते. हळूहळू या विषयावर कुणाशीच काही न बोलण्याची सवय लागते. ही सवय पुढे विम्यात आडवी येते.

माझ्या बाबतीत तसंच झालं. ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये बाळंतपण आहे की नाही, हे एचआरला विचारलं तर सगळ्या मजल्यावर कळेल, म्हणून मी विचारलंच नाही. दिवस राहिल्यावर घरातून बजावलं होतं, तीन महिने कुणाला सांगायचं नाही. मग ओकाऱ्या, सोनोग्राफ्या, कामाची गडबड. पॉलिसीचे कागद उघडले तेव्हा सातवा महिना संपत आला होता. सिझरला ५० हजारांची मर्यादा होती, आणि बाळाचा खर्चही त्याच ५० हजारांत धरलेला होता. बाळ ३४व्या आठवड्यात आलं आणि नऊ दिवस काचेच्या पेटीत (इनक्युबेटरमध्ये) होतं. पुढचा हिशोब सांगायला नको.

म्हणून हे लिहिते आहे. लोकांनी विचारू नये ते विचारलं तर उत्तर द्यायला आपण बांधील नाही. “बघू, तुमचे आशीर्वाद असू द्या,” एवढं पुरतं. पण आपण जे विचारायला हवं, ते वेळेत विचारायला हवं.

‘दिवस गेले की बघू’

सगळ्यात महागडी चूक हीच. साध्या मेडिक्लेममध्ये बाळंतपण नसतं. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या वगळण्यांच्या यादीत मातृत्वाचं कलम स्वतंत्र आहे. त्यात नॉर्मल डिलिव्हरीबरोबर सिझर आणि गुंतागुंतीची प्रसूतीही वगळलेली असते. अपघाताने झालेला सोडून इतर गर्भपातही त्यात येतो. नळीत गर्भ राहिला, तर तो उपचार मात्र या वगळणीत धरत नाहीत. पुष्कळांना वाटतं, सिझर म्हणजे ऑपरेशन, ऑपरेशन म्हणजे मेडिक्लेममध्ये बसणारच. तसं नाही. वंध्यत्वावरचे उपचारही बहुतेक पॉलिसींत बाहेरच असतात.

बाळंतपणाचा खर्च हवा असेल तर तसा लाभ किंवा रायडर (जादा पैसे भरून घेतलेलं जोडकलम) पॉलिसीत असावा लागतो, आणि त्याला वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तेवढा काळ उलटेपर्यंत क्लेम मिळत नाही. वैयक्तिक पॉलिसींमध्ये तो नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत कितीही दिसतो. घड्याळ पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासून फिरतं, त्यामुळे लग्नाच्या खरेदीच्या यादीतच हे बसवलं तर उपयोग. अट वाचताना आणखी एक बघा: वेटिंग संपल्यावर डिलिव्हरी व्हायला हवी, की वेटिंग संपल्यावर दिवस राहायला हवेत? दोन्हींत जवळजवळ नऊ महिन्यांचा फरक पडतो.

माझं स्पष्ट मत सांगते. फक्त डिलिव्हरीच्या बिलासाठी असा लाभ घेणं बऱ्याचदा परवडत नाही. समजा जादा प्रीमियम वर्षाला १५ हजार, वेटिंग तीन वर्षं, मर्यादा ५० हजार. डिलिव्हरी चौथ्या वर्षात, म्हणजे चार प्रीमियम : ६० हजार भरून ५० हजार मिळवले. (२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, हा थोडा दिलासा.) तेच पैसे आरडीत टाकले तरी चालेल. खरी किंमत आहे ती नवजात बाळाच्या कव्हरची, कारण डिलिव्हरीच्या खर्चाचा अंदाज आधी येतो, पेटीच्या खर्चाचा येत नाही.

एचआरला न विचारणं

कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये पुष्कळदा नऊ महिन्यांच्या वेटिंगची अट माफ असते आणि पहिल्या दिवसापासून बाळंतपण कव्हर असतं. पण ‘पुष्कळदा’ म्हणजे ‘आपल्याकडे’ नव्हे. ते विचारायला गुपित फोडावं लागत नाही. ईमेल करा: “घरच्यांसाठी स्वतंत्र मेडिक्लेम बघते आहे, तुलनेसाठी ग्रुप पॉलिसीची पूर्ण प्रत आणि लाभांचा तक्ता पाठवाल का?” यात खोटं काही नाही, आणि हे पत्र नवऱ्यानेही आपल्या ऑफिसात पाठवावं. दोघांच्या कंपन्यांत कव्हर असेल तर एकीकडची मर्यादा संपल्यावर उरलेल्या रकमेचा क्लेम दुसरीकडे करता येतो. त्यासाठी पहिल्या विमा कंपनीचं सेटलमेंट लेटर (किती क्लेम मंजूर झाला त्याचं पत्र) आणि बिलांच्या शिक्का मारलेल्या प्रती जपून ठेवायच्या.

तक्ता हातात आला की नॉर्मल आणि सिझरची मर्यादा बघाच, पण तिथे थांबू नका. बाळाचा खर्च कोणत्या खिशातून जातो, बाळंतपणाच्या मर्यादेतून की कुटुंबाच्या पूर्ण विमा रकमेतून? माझं घोडं इथेच अडलं. लग्नानंतर जोडीदाराचं नाव घालायलाही मुदत असते, साधारण महिनाभराची. ती चुकली तर पुढच्या रिन्यूअलपर्यंत वाट बघावी लागते.

नोकरी बदलायचा विचार असेल तर आणखी एक हिशोब करा. २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण त्यासाठी प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या नोकरीत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. “अभिनंदन! म्हणजे आता तुझी सुट्टीच की,” असं कुणी केबिनमधून म्हणालं तर बिचकू नका. ही रजा कुणाची मेहेरबानी नाही. त्या रजेवर असताना कामावरून काढणं कायद्याला मान्य नाही.

‘शुभ बोल नाऱ्या’

डोहाळजेवणात दोन वाट्या पालथ्या घालतात, एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. सगळ्या बायका ओरडत असतात, ही उचल, ती उचल. गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या डोहाळजेवणात, ती फुलांच्या वाडीतून उठल्यावर, मी तिला आतल्या खोलीत नेऊन विचारलं, “बाळ कितव्या दिवसापासून कव्हर आहे?” मावशीला आवडलं नाही. असल्या वेळी पेटीचं नाव कशाला काढायचं? मावशीची भीती मला समजते. पण बहिणीने रात्री कागद काढले, तर त्यात बाळ ९१व्या दिवसापासून कव्हर होतं. म्हणजे पहिले तीन महिने, जेव्हा कावीळ, श्वासाचा त्रास, कमी वजन या गोष्टी येतात, तेव्हाच विमा नाही. नवऱ्याच्या ग्रुप पॉलिसीत बाळ पहिल्या दिवसापासून होतं. तिचं नाव तिथे आधीच असल्यामुळे त्यांनी कॅशलेस (हॉस्पिटलचं बिल विमा कंपनीच थेट भरते ती सोय) तिकडून करायचं ठरवलं. महिना हातात होता म्हणून हे जमलं.

पहिल्या दिवसापासून कव्हर असलं तरी बाळाचं नाव पॉलिसीत चढवावं लागतं, पुष्कळ ग्रुप पॉलिसींत ३० दिवसांच्या आत. आपल्याकडे बारसं होईपर्यंत नाव नसतं, कधी आत्याचं तिकीट मिळत नाही म्हणून बारसंच महिनाभर पुढे जातं. त्यासाठी थांबू नका. हॉस्पिटलच्या कागदावर आईच्या नावाने ‘बेबी ऑफ’ असं लिहिलेलं असतं, जन्मतारीख असते. तेवढ्यावर एचआरला किंवा विमा कंपनीला कळवा, नाव मागून बदलता येतं.

माहेर आणि नेटवर्क हॉस्पिटल

पॉलिसी पुण्यात काढलेली, पहिलं बाळंतपण साताऱ्याला आईकडे. नाव तिथे घातलं, डॉक्टर ओळखीच्या, पण हॉस्पिटल नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीचं कॅशलेस चालणाऱ्या हॉस्पिटलांत, आहे का हे कुणी बघितलंच नाही, असं वरचेवर होतं. सातव्या महिन्याआधी विमा कंपनीच्या यादीत त्या गावचं हॉस्पिटल शोधा आणि हॉस्पिटलच्या विमा डेस्कला फोन करून खात्री करा, कारण यादी बदलत राहते. नसेल तर पैसे आधी भरून नंतर क्लेम करायची तयारी ठेवा.

खोली निवडताना आलेल्या-गेलेल्यांना बसायला बरी जागा हवी म्हणून मोठी खोली घेतली जाते. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ४ हजार असेल आणि खोली ६ हजारांची घेतली, तर फक्त भाड्याचा फरक कापत नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे जोडलेले आकारही त्याच प्रमाणात, म्हणजे दोन तृतीयांशच, मंजूर होतात. पाहुण्यांना घरी बसवा.

‘असेल पाच-सहा वर्षं’

विमा एजंट बहुतेकदा नात्यातलेच. “थायरॉईड, पीसीओडी लिहू नकोस, उगाच प्रीमियम वाढेल,” असं काका म्हणतात आणि काकांना कसं नाही म्हणायचं? म्हणायचं. फॉर्मवर सही तुमची असते. माहिती लपवली या कारणावरून कंपनी सलग ६० महिने पूर्ण होईपर्यंत क्लेम नाकारू शकते, आणि उघड फसवणूक असेल तर त्यानंतरही. लिहिलेल्या आजाराचं वेटिंग मात्र आता जास्तीत जास्त तीन वर्षांचं असतं, तेही संपतं.

चुकायची दुसरी जागा ॲडमिट होतानाची. कळा सुरू असताना ज्युनिअर डॉक्टर विचारतात, “थायरॉईड किती वर्षं?” आणि आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो, “असेल पाच-सहा वर्षं.” ते केसपेपरवर जातं. पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची असेल तर त्या एका वाक्यावर क्लेम अडतो, कारण आजार पॉलिसीच्या आधीचा आणि लपवलेला ठरतो. गोळी कधी सुरू झाली ती तारीख जुन्या चिठ्ठीवर बघून ठेवा, त्या चिठ्ठीचा फोटो सोबतच्या माणसाच्या मोबाईलमध्ये असू द्या, आणि डिस्चार्ज कार्ड घरी नेण्याआधी वाचा. चुकीची नोंद हॉस्पिटलमध्ये असतानाच दुरुस्त करून घेणं सोपं असतं.

दिवस गेलेत आणि विमा काहीच नाही

घाबरू नका, दारं बंद नाहीत. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून प्रसूती मोफत आहे, सिझरसकट. औषधं, तपासण्या, जेवण, घरी सोडायची गाडी धरून, आणि बाळ आजारी पडलं तर वर्षापर्यंतचे उपचारही. दर महिन्याच्या ९ तारखेला तिथे गर्भवतींची मोफत तपासणी असते. दोघांपैकी कुणाचा पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि त्यातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर त्यांच्या दवाखान्यात चौकशी करा. पात्र असाल तर मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५ हजार आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार खात्यात येतात. अंगणवाडी ताई किंवा आशाताई फॉर्म भरून देतात. खासगीतच जायचं असेल तर पॅकेज लेखी घ्या. त्यात बालरोगतज्ज्ञांची फी आणि बाळाची खोली धरली आहे का, हे विचारून घ्या.

क्लेम कापला किंवा अडला तर

२०२४च्या नियमांप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. बाळाला दुपट्यात गुंडाळून संध्याकाळपर्यंत ताटकळत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. हॉस्पिटलने कागद किती वाजता पाठवले ते विमा डेस्कवर विचारा, वेळ लिहून घ्या आणि कंपनीला फोन लावा.

पैसे कापले तर ‘नियमात बसत नाही’ एवढ्या तोंडी उत्तरावर परत फिरू नका. कोणत्या कलमाखाली कापले ते लेखी मागा आणि ते कलम पॉलिसीत स्वतः वाचा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज, तिथे दाद लागली नाही तर नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल. कंपनीने अर्ज फेटाळला किंवा ३० दिवस उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. बाळ झोपल्यावर दोन दुपारी लागतील.