बागेतल्या घुशींचा बंदोबस्त, विषाशिवाय

बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा मोठा ढीग दिसला, तर ते काम साध्या उंदराचं नव्हे, घुशीचं. एका बिळाला बऱ्याचदा अनेक तोंडं असतात, म्हणून दिसेल त्या भोकाशी पिंजरा लावून उपयोग नाही. आधी चालू बीळ ओळखा. संध्याकाळी सगळी तोंडं ओल्या मातीनं लिंपा. सकाळी जी उकरलेली दिसतील, ती चालू. बिळात हात मात्र कधीही घालू नका, अशा बिळांत साप येऊन राहतात.

घूस नव्या वस्तूला बिचकते, आणि बहुतेकांचा पिंजरा इथेच फसतो. पहिल्याच रात्री चाप ओढू नका. तीन-चार रात्री दार तारेनं उघडं बांधून आत भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा ठेवा. सलग दोन रात्री खोबरं संपलं, की मग चाप लावा. पिंजरा निदान 45 सेंटीमीटर लांब हवा. उंदराच्या छोट्या पिंजऱ्यात घुशीचं शेपूट दारात अडकतं आणि ती निसटते. तो भिंतीलगत ठेवा, कारण घूस उघड्यावरून न जाता कडेकडेनं पळते. पिंजरा सकाळी लवकर बघा, जीव आत तडफडत ठेवू नका. हाताळताना रबरी हातमोजे घालाच. घुशीच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

विष नकोच. झिंक फॉस्फाईड थोडंसं खाऊन जगलेली घूस पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही, आणि ब्रोमॅडिओलोन खाल्लेली घूस गव्हाणी घुबडानं खाल्ली, तर तुमचा सगळ्यात चांगला शिकारीच मरू शकतो. बिळात पाणी सोडल्यानं पाया आणि फरशीखालची माती वाहून जाते.

घूस गेली की बीळ खणून काढा, खडी-माती थरांनी ठोकून भरा. भिंतीजवळ असेल तर वरून काँक्रीट. वाफ्यांभोवती 12 मिलिमीटर भोकांची जस्त चढवलेली वेल्डमेश (वेल्डिंग केलेली तारेची जाळी) 60 सेंटीमीटर खोल पुरा आणि तळाशी 30 सेंटीमीटर बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवा. साधी कोंबडीजाळी घूस कुरतडते. हीच वेल्डमेश कंपोस्टच्या खड्ड्याखालीही टाका, शिजलेलं अन्न त्यात टाकू नका, आणि लाकडं-विटांचे ढीग जमिनीपासून वीतभर उंच ठेवा.

पुढचे दोन आठवडे रोज सकाळी भिंतीच्या कडेनं एक फेरी मारा. मातीचा नवा ढीग दिसला, तर त्याच दिवशी तोंडं पुन्हा लिंपायला घ्या.