जुनं प्रॉपेलर विमान पुन्हा उडवायचंय? या चुका टाळा

वर्षानुवर्षं उघड्यावर उभं असलेलं डीसी-३ किंवा सुपर कॉन्स्टेलेशन ताब्यात आलं, की सगळ्यांना घाई असते ती इंजिन सुरू करून बघण्याची. धूर निघाला, प्रॉपेलर फिरला, की हुरूप येतो आणि देणगीदारही पुढे येतात. पण इंजिन ओव्हरहॉलला पाठवता येतं, दुसरं बसवता येतं. पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा भार पेलणारी आतली तुळई, गंजलेली निघाली तर सगळा हिशेबच कोलमडतो. म्हणून आधी सांगाडा उघडा. इंजिन आणि रंग नंतर.

गंज फार फसवा असतो. जाड ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये तो आतल्या आत थराथराने पसरतो आणि वरून फक्त रंग किंचित फुगलेला दिसतो. अशा जागी बोट फिरवून बघा, शंका आली तर रंग खरवडा. रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्याच्या) डोक्याभोवती काळपट ओघळ दिसला, तर तो रिव्हेट सैल झालाय असं समजा. डीसी-३मध्ये बाहेरचा पंख मधल्या भागाला बोल्टच्या रांगेने जोडलेला असतो; तिथली झाकणपट्टी सर्वांत आधी काढा. ४ ऑगस्ट २०१८ रोजी स्वित्झर्लंडमध्ये युंकर्स ५२ कोसळून २० जण गेले. तपासात दोष वैमानिकांच्या उड्डाणपद्धतीचा ठरला, पण अवशेषांत गंज आणि तडेही सापडले. आणि हे विमान तर नियमित देखभालीत होतं!

आता इंजिन. रेडियल इंजिन, म्हणजे गोलाकार मांडलेल्या सिलिंडरांचं इंजिन, बरेच दिवस बंद राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साचतं. तेल दाबलं जात नाही, त्यामुळे स्टार्टर मारताच पिस्टन त्यावर अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. घात असा, की वाकलेला रॉड लगेच तुटेलच असं नाही. जमिनीवरच्या चाचण्या पार पडतात आणि तो पुढे कधीतरी हवेत तुटतो. म्हणून इग्निशन बंद आहे याची खात्री करून आधी प्रॉपेलर हाताने फिरवा. मध्येच अडला तर जोर लावू नका. उलटा तर अजिबात फिरवू नका. तसं केलं की तेल इनटेक पाइपमध्ये ढकललं जातं, अडथळा गेल्यासारखा वाटतो आणि इंजिन सुरू होताच तेच तेल पुन्हा सिलिंडरमध्ये ओढलं जातं. खालच्या सिलिंडरचे स्पार्क प्लग काढून तेल पूर्ण निथळू देणं, हाच खरा उपाय. वेळ जातो, जाऊ द्या.

हायड्रॉलिक गळतीतही असाच उतावीळपणा नडतो. टाकीची पातळी उतरली की हाताशी असेल ते ऑइल ओतलं जातं. एरंडेल तेलावर आधारलेल्या जुन्या द्रवासाठीची सीलं (गळती रोखणारी रबरी कडी) खनिज तेलात फुगतात आणि मऊ पडतात. आधी सीलं कसली आहेत ते बघा, मग डबा उघडा.

कंट्रोल केबल जोडून झाल्या, की ज्याने त्या जोडल्या नाहीत अशा माणसाकडून तपासून घ्या. कॉकपिटमधलं नियंत्रणाचं चाक डावीकडे वळवलं की डावा एलरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती झडप, वर गेलाच पाहिजे. नुसतं ‘हलतंय’ म्हणून सही करू नका.

इंधनाचंही तसंच. नव्याने उभारलेलं बोइंग ३०७ स्ट्रॅटोलायनर २८ मार्च २००२ रोजी सिअ‍ॅटलजवळ इलियट बेच्या पाण्यात उतरवावं लागलं. कारण एवढंच, की टाक्यांमधलं इंधन संपलं होतं. उड्डाणाआधी ते नीट मोजलं गेलं नव्हतं. कित्येक वर्षांची मेहनत खाऱ्या पाण्यात गेली आणि ते विमान पुन्हा दुरुस्त करावं लागलं. जुन्या गेजवर विसंबू नका, प्रत्येक टाकीत मोजपट्टी घाला.

आणि मूळ मॅन्युअलमधले टेकऑफचे आकडे जसेच्या तसे वापरू नका. कॉन्स्टेलेशनची राइट आर-३३५० इंजिनं ११५/१४५ ग्रेडच्या पेट्रोलवर पूर्ण ताकद देत. आज हाती १००एलएल हे कमी ग्रेडचं विमान-पेट्रोल असतं, त्यावर मॅनिफोल्ड प्रेशर (सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा दाब) आणि त्यामुळे ताकदही कमी ठेवावी लागते. म्हणजे वजनही कमी आणि धावपट्टीही जास्त लांब धरायची.