आधी तळ, मग चकाकी: जुनी लाकडी रनअबाउट घेताना आणि सांभाळताना

तळ्याकाठच्या धक्क्याला एखादी जुनी महोगनीची रनअबाउट लागली, की शेजारच्या कोऱ्या फायबर बोटीकडे कुणी ढुंकून बघत नाही. तांबूस लाकूड, डेकवर बारीक पांढऱ्या रेघा, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, क्रोम. माणूस भुलतोच. मीही भुललो. १९४८ सालची, क्रिस-क्राफ्ट कंपनीची सतरा फुटी बोट. विकणाऱ्याने आठवडाभर आधीच वॉर्निशचे दोन ताजे हात मारले होते. बोट पाण्यात उतरवली आणि तिसऱ्या दिवशीही पंप थांबेना, तेव्हा त्या वॉर्निशखाली आपण काय विकत घेतलं ते कळलं. म्हणून इथे क्रम तळापासून वर असा ठेवला आहे.

रनअबाउट म्हणजे पोटात पेट्रोल इंजिन असलेली, वरून उघडी, हौसेने पळवायची लहान वेगवान बोट. दोन महायुद्धांच्या आगेमागे अमेरिकेत तिचा जमाना होता. मिशिगनमधल्या अल्गोनॅक गावचे क्रिस स्मिथ आणि त्यांच्या मुलांनी क्रिस-क्राफ्टला घराघरात नेलं. गार वूडने शर्यती गाजवल्या. त्याच्या कारखान्याचं बोटी बांधणं १९४७ मध्ये थांबलं. जॉन हॅकरच्या बोटी आजही रेखाटनासाठी नावाजल्या जातात. इटलीत इसेओ तळ्याकाठी सार्निको गावात रीवा कुटुंबाने हीच कला दागिन्यासारखी घडवली. त्यांची अक्वारामा १९६२ ची. पुढचं सगळं मी अमेरिकन बोटींच्या अनुभवावरून सांगतो आहे, पण लाकूड आणि पाणी यांचं भांडण सगळीकडे सारखंच.

पायरी १: खरेदीआधी टोच्या घेऊन जा

सोबत टॉर्च, टोच्या, प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर आणि मळले तरी चालतील असे कपडे न्या. वरून बोट बघायला पाच मिनिटं द्या, खालून दोन तास.

मुठीने फळी वाजवा. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भद्द. शंका आली तिथे मालकाला विचारून टोच्या टेकवा. सहज आत शिरला तर तिथली फळी गेली असं समजा. कूज ठरलेल्या जागीच लपते: मागच्या आडव्या फळीचे खालचे कोपरे, नाळ जिथे खालच्या कण्याला मिळते तो सांधा, तळ आणि बाजू यांच्या मधली कड (हिला चाइन म्हणतात) आणि डेकच्या कडेच्या फळ्यांखालचा भाग. या सगळ्या जागी पावसाचं पाणी साचतं. पाऊस हा या बोटीचा खरा शत्रू. ज्या पाण्यात ती तरंगते त्याच्यापेक्षा डेकमधून झिरपून कोपऱ्यात बसलेलं गोडं पाणी तिला लवकर खातं.

मग तळाच्या दोन-चार स्क्रूंवरची लाकडी बुचं काढून स्क्रू बाहेर घ्यायची परवानगी मागा. जुने स्क्रू बहुधा पितळी असतात. त्यांतलं जस्त झिजून गेलं की ते गुलाबी दिसतात आणि पिळल्यावर खडूसारखे मोडतात. असं दिसलं तर सगळा तळ नव्याने बसवायचा आहे हे धरूनच भाव करा. मालकाने परवानगी नाकारली तर तेही उत्तरच आहे.

गोठ्यात किंवा गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या, रंग उडून राखाडी झालेल्या बोटीला या हौशी मंडळींत ‘ग्रे बोट’ म्हणतात. माझं मत विचाराल तर नवशिक्याने फसव्या चकचकीत बोटीपेक्षा प्रामाणिक ग्रे बोट घ्यावी. तिच्यात लपवलेलं काही नसतं.

पायरी २: तिची कुंडली काढा

हल नंबर (कारखान्याने बोटीला दिलेला क्रमांक) हॅचच्या, म्हणजे डेकमधल्या उघडत्या दारांच्या, झाकणांच्या खालच्या बाजूला ठोकलेला सापडतो. झाकणांवरचे आकडे एकमेकांशी जुळतात का बघा. जुळत नसतील तर दोन बोटींची मिळून एक झाली असेल. क्रिस-क्राफ्ट असेल तर व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या मरिनर्स म्युझियमकडे कंपनीची जुनी कागदपत्रं आहेत. तिथे नंबर दिला की हल कार्डची प्रत मिळू शकते: मूळ इंजिन कोणतं, बोट कुठे पाठवली होती, असे तपशील. १९७५ मध्ये लेक जॉर्ज इथे सुरू झालेल्या अँटीक अँड क्लासिक बोट सोसायटीचं सभासद व्हा. सल्ला देणारा जाणता माणूस तिथेच भेटतो. न्यूयॉर्क राज्यात क्लेटनला अँटीक बोट म्युझियम आहे. खरेदीआधी एकदा तिथे जाऊन अस्सल बोट कशी दिसते हे डोळ्यांत भरून घ्या.

विमा ‘ठरलेल्या किमती’चा घ्या. घसारा धरणारी पॉलिसी सत्तर वर्षांच्या बोटीला भंगाराचा भाव लावेल.

पायरी ३: टेकवायची कशी

बोटीचं वजन खालच्या कण्यावर यायला हवं. ट्रेलरचे बाजूचे आधार फक्त तोल सांभाळायला. वजन बाजूच्या फळ्यांवर वर्षभर राहिलं, तर तळ मागच्या अंगाला आत वाकतो आणि मग वेगात असताना बोट नाक खुपसून पळते. हा बाक काढणं फार खर्चाचं. दोरी कण्याला लावून बघा, सरळ आहे का.

पायरी ४: तळ

इथे घाई नको, कारण बोट इथेच जगते किंवा मरते.

मूळ तळ दुहेरी असतो. आत पातळ फळ्यांचा एक थर, वर लेपात भिजवलेलं कॅनव्हास आणि त्यावर बाहेरच्या महोगनी फळ्या. हे सगळं ओकच्या बरगड्यांना शेकडो स्क्रूंनी जखडलेलं. बोट कोरडी असताना फळ्या आकसतात, फटी दिसतात. पाण्यात गेली की लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. बांधणाऱ्यांनी हे गृहीतच धरलं होतं.

म्हणून फटी दिसल्या की त्या कडक लुकणाने भरू नका. कोकणातल्या जाड फळ्यांच्या होडीत सांध्यात कापूस ठोकतात, ते तिथे योग्यच. इथे फळी जेमतेम अर्ध्या इंचाच्या आसपास असते. फुगायला जागा उरली नाही तर ती स्क्रू उपटते किंवा बरगडी मोडते.

तळ नवा करायची वेळ आलीच, तर दोन पंथ आहेत. एक जुन्या पद्धतीचा. दुसरा आतल्या थराला मरीन प्लायवूड वापरून सगळं ‘थ्रीएम ५२००’ या लवचीक चिकट लेपात बसवण्याचा. अशी बोट फुगवावी लागत नाही. यावर हौशी लोक तासन्‌तास वाद घालतात. मी मधला आहे. बोट वर्षभर ट्रेलरवर आणि पाण्यात मोजके दिवस असेल, तर दुसरा मार्ग व्यवहारी. पण मूळ तळ धड टिकून असलेली दुर्मीळ बोट हाती आली असेल, तर तो उचकटणं मला पाप वाटतं.

काम कोणत्याही पद्धतीने करा, काही गोष्टी पाळाच. आधी बरगड्या तपासा. कुजक्या बरगडीत नवा स्क्रू धरत नाही. स्क्रू सिलिकॉन ब्राँझचे घ्या. पाण्याखालच्या लाकडात स्टेनलेस स्टील नको, हवा न मिळाल्याने ते आतून कुरतडलं जातं. काढलेली प्रत्येक फळी नव्या फळीचा साचा असते, म्हणून काम संपेपर्यंत एकही फेकू नका. जुना रंग घासताना त्यात शिसं असणारच असं समजून नीट बसणारा मास्क घाला आणि मुलांना लांब ठेवा.

पायरी ५: वॉर्निश

आता चकाकी. जुनं वॉर्निश काढून लाकूड उघडं केल्यावर रंगाची लापशी, म्हणजे छिद्रं भरणारं फिलर-स्टेन, ब्रशने लावतात. ती मंद झाली की गोणपाटाने रेषांच्या आडवी घासून काढायची, म्हणजे रंग छिद्रांत बसतो आणि वरचा निघून जातो. आईने जुन्या पाटावर पॉलिश चढवताना पोत्याचा तुकडा असाच फिरवलेला मी पाहिला आहे. मिशिगनच्या कारागिरांची आणि तिची युक्ती एकच निघाली.

दोन-तीन दिवस वाळू द्या. वॉर्निशचा पहिला हात निम्मा थिनर घालून पातळ, म्हणजे लाकूड तो पितं. पुढचे हात घट्ट होत जातात, एकूण दहा-बारा. दर हातानंतर बारीक सँडपेपर, आधी २२० चा, शेवटी ३२० चा. संध्याकाळी काम नको: दव पडलं की आरसा धुरकट होतो. आणि पॉलियुरेथेन या कडक लेपाच्या मोहात पडू नका. एकदा सोलपटलं की ते ओरबाडून काढावं लागतं, वॉर्निश मात्र दुरुस्त करता येतं.

स्क्रूवर बुचं बसवताना रेषा फळीच्या रेषेशी जुळवा आणि ती इपॉक्सीने नाही, वॉर्निशनेच चिकटवा. वीस वर्षांनी कुणीतरी ती काढणार आहे.

पुढे दर हंगामाआधी हलकं घासून एक-दोन हात. एक वर्ष चुकलं तर चालतं. तीन वर्षं चुकली की ऊन वॉर्निशमधून लाकडापर्यंत पोचतं आणि सगळं पहिल्यापासून.

पायरी ६: पाण्यात उतरवणं

मूळ पद्धतीच्या तळाची बोट वसंतात थेट सोडू नका. आठवडाभर आधी आत जुनी बेडशीटं ओली करून अंथरा, खालून बागेचा फवारा लावा. पोटात नळी सोडून भरभरून पाणी मात्र साठवू नका. एक घनफूट पाणी म्हणजे सुमारे २८ किलो. ते वजन फळ्यांना आतून बाहेर ढकलतं आणि स्क्रू सैल करतं.

मग बोट उचलायच्या पट्ट्यांवर किंवा ट्रेलरवरच पाण्यात ठेवा, दोन पंप लावा, विजेची जोडणी भक्कम ठेवा. पहिल्या रात्री पंप सारखा चालेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मधली विश्रांती वाढत जाते. ती वाढत नसेल, तर माझी पहिली बोट आठवा आणि पुन्हा पायरी ४ वर या.

पायरी ७: इंजिन आणि वाफ

क्रिस-क्राफ्टचं ९५ अश्वशक्तीचं ‘के’ मॉडेल, ग्रे मरीन, क्रायस्लर क्राउन: ही इंजिनं साधी, दणकट, घरी शिकता येण्यासारखी. विद्युत प्रणाली बहुधा ६ व्होल्टची असते; बॅटरीचं धन टोक इंजिनाच्या धातूला जोडलेलं (पॉझिटिव्ह अर्थ) असू शकतं, हे न बघता बॅटरी लावू नका.

खरा धोका पेट्रोलच्या वाफेचा. ती हवेपेक्षा जड, बोटीच्या पोटात बसून राहते. सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे पोटातली हवा बाहेर फेकणारा पंखा, चार मिनिटं चालवा, हॅच उघडून स्वतः वास घ्या, मगच किल्ली. कार्बोरेटरवर ज्वाला अडवणारी जाळी असलीच पाहिजे. २५ एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या पेट्रोल इंजिनाला अमेरिकेत ती कायद्याने बंधनकारक आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि टाकीचा लेप खातं, म्हणून मिळेल तिथे बिनइथेनॉलचं घ्या आणि नळ्या नव्या बसवा. या एका बाबतीत अस्सलपणाचा हट्ट अजिबात नको.

पायरी ८: बोट शाकारणं

पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी झाकतात, त्याला आपल्याकडे शाकारणं म्हणतात. तळ्यांच्या प्रदेशात हेच काम थंडीसाठी होतं. इंजिन बाहेरचं पाणी आत खेळवून थंड होतं, त्यामुळे ब्लॉक आणि मॅनिफोल्डमधला थेंब न्‌ थेंब काढून टाका. गोठलेलं पाणी बिडाचा ब्लॉक फोडतं. फरशीच्या फळ्या उचला, हॅच किंचित उघडी ठेवा, नाळ थोडी वर करा. वर हवा खेळेल असं सुती कॅनव्हास घाला. घट्ट प्लास्टिकमध्ये बोट आतल्या आत घामेजते. गरम हवेचं गॅरेज टाळा, तिथे फळ्या वाळून तडकतात. मातीच्या जमिनीचं थंड कोठार सगळ्यात बरं. उंदरांचा बंदोबस्त करा, त्यांना सीटमधलं भरण फार आवडतं.

शेवटी तळाचं बूच काढा, म्हणजे आत शिरलेलं पाणी वाहून जाईल. ते बूच लाल दोरीने स्टिअरिंगला बांधून ठेवा. वसंतात गडबडीत बूच न लावता बोट उतरवणारे दरवर्षी भेटतात, आणि मी त्यांना हसत नाही.