‘ऑन टाइम’ कुठं अन् ‘इन टाइम’ कुठं वापरायचं?

कॉलेजात असताना इंग्रजीच्या निबंधात मी लिहिलं होतं, ‘द डॉक्टर केम ऑन टाइम, सो माय फादर सर्व्हाइव्ड.’ सरांनी समासात लाल शाईनं विचारलं, ‘अपॉइंटमेंट किती वाजताची होती?’

घोळ आपल्या ‘वेळेवर’ या शब्दाचा आहे. गाडी वेळेवर सुटते आणि डॉक्टरही वेळेवर येतो. मराठीत दोन्हीकडं तोच शब्द चालतो, इंग्रजीत चालत नाही.

म्हणून आधी स्वतःला विचारा: इथं वेळ कुणी ठरवून दिलेली आहे का? वेळापत्रक, पगाराची तारीख, मिटिंगची वेळ असं काही असेल तर ‘ऑन टाइम’. मुंबईला जाणारी तपोवन एक्स्प्रेस परभणीला ठरल्या मिनिटाला आली, की ‘द ट्रेन इज ऑन टाइम’. (असं म्हणायची संधी कधी कधी मिळते.)

ठरलेली वेळ नसेल, तर दुसरा प्रश्न: उशीर झाला असता तर काय हुकलं असतं? हुकण्यासारखं काही सापडलं, की ‘इन टाइम’. डॉक्टरला कुणी अमुक वाजता बोलावलं नव्हतं, पण उशीर झाला असता तर वडील गेले असते. म्हणून माझ्या वाक्यात ‘इन टाइम’ हवं होतं.

हा फरक पावसावरून मला सगळ्यात नीट कळला. मृग लागतो 7 जूनच्या आसपास. पाऊस तेव्हाच आला, तर ‘द रेन केम ऑन टाइम’. पण मृग कोरडा गेला, लोक आभाळाकडं बघत बसले, अन् मग जूनच्या शेवटच्या आठवड्यात एकदाचा पडला. सोयाबीनची पेरणी काही हुकली नाही. हा पाऊस ‘ऑन टाइम’ नाही, उशिराच आला. तरीही ‘इट केम इन टाइम फॉर सोइंग’ म्हणता येतं. आपण म्हणतो ना, ‘टायमाला आला बघ’, तेच.

आता जोडणी. ‘इन टाइम’नंतर नाम आलं तर ‘फॉर’ लावा, क्रियापद आलं तर ‘टु’. 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजारोहणाला धावत पोचलात, तर ‘आय रीच्ड इन टाइम फॉर द नॅशनल अँथम’ किंवा ‘इन टाइम टु सी द फ्लॅग गो अप’. ‘ऑन टाइम’ला असं शेपूट सहसा लागत नाही. आणि मधे ‘द’ घालून ‘ऑन द टाइम’ करू नका, ही चूक फार दिसते.

अगदी थोडक्यात निभावलं तर ‘जस्ट इन टाइम’. ‘इन नो टाइम’ मात्र वेगळं: त्याचा अर्थ चुटकीसरशी, बघता बघता. नुसत्या ‘इन टाइम’चा आणखी एक अर्थ आहे, कालांतरानं. ‘यू विल लर्न इट इन टाइम’ म्हणजे हळूहळू येईल तुला.

सरावाला एकच वाक्य देतो. गाडी वेळेवर सुटली, पण ती पकडायला मी वेळेत पोचलो नाही. ‘द ट्रेन लेफ्ट ऑन टाइम, बट आय डिड नॉट रीच इन टाइम टु कॅच इट.’ यात दोन्हींची अदलाबदल करून बघा, कुठं खटकतं ते लगेच कळेल.