किचनची शटरं रंगवायला कारागीर ठरवताना

भिंती रंगवणारा पेंटर वेगळा आणि लाकडावर पीयू (पॉलीयुरेथेन रंग) मारणारा पॉलिशवाला वेगळा. शटरसाठी हा पॉलिशवालाच गाठा. पाहणीला आल्यावर तो दार उघडून कडा बघतो का, दार एमडीएफचं (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) की प्लायचं, वर सनमायका आहे का, हे विचारतो का? नुसतं रंगाचं कार्ड पुढे करणारा माणूस नको.

सनमायका गुळगुळीत, त्यावर रंगाला पकडच मिळत नाही. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक पूर्ण मारून लॅमिनेटला चालणारा प्रायमर लावावाच लागतो. तो वाचवला, तर हँडलपाशी, जिथे रोज नख लागतं तिथूनच, पापुद्रे सुटतात. एमडीएफच्या कडा रंग पितात, त्यांना आधी सीलर हवा. सिंकखालचं फुगलेलं दार मात्र रंगवूच नका, बदला.

सगळ्यात जास्त काम बिघडतं ते चिकट्यामुळे. शेगडीजवळच्या दारांवर फोडणीच्या तेलाचा थर असतो. आधी पेपर मारला की तेल घासून आत जातं आणि रंगात बारीक खळगे पडतात. म्हणून आधी डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) धुणं, पूर्ण वाळवणं, मगच घासणं. हा क्रम कोटेशनमध्ये लिहून घ्या.

दर चौरस फुटावर असतो. १८ × ३० इंचांचं शटर ३.७५ चौरस फूट. अशी १६ शटरं म्हणजे एका बाजूने ६०, दोन्ही बाजूंनी १२०. वाद इथेच होतात, त्यामुळे आतली बाजू, कडा, लांबी (पुट्टी), प्रायमर आणि रंगाचे हात किती, हे आधीच ठरवा.

शटरं काढून वर्कशॉपमध्ये स्प्रे करणारा उत्तम. घरात पीयूची वाफ नको, शेगडीजवळ तर नकोच. प्रत्येक शटरचा नंबर बिजागरीच्या ३५ मिमीच्या खड्ड्यात लिहून वर टेप लावायला सांगा, म्हणजे तो रंगाखाली जात नाही. हार्डनर, म्हणजे पीयू कडक होण्यासाठी त्यात मिसळायचं द्रव्य, डब्यावरच्या प्रमाणातच पडला पाहिजे. उरलेलं मिश्रण दुसऱ्या दिवशी थिनर घालून वापरू देऊ नका. पावसाळ्यातल्या दमट हवेत पीयूमध्ये बुडबुडे येतात, चमक मरते. शक्य असेल तर दिवाळीनंतर काम काढा.

आधी एकच शटर करून घ्या. आठवडाभराने त्याच्या मागच्या बाजूला ब्लेडने बारीक चौकटी पाडा, टेप घट्ट दाबून झटक्यात ओढा. टेपवर रंग आला, तर बाकीची शटरं त्याच्या हाती देऊ नका.