माळ हातात, मन भलतीकडे: जपात लक्ष कसं सांभाळावं

जपाला बसलं की हात मणी ओढत राहतो आणि मन बँकेत, ऑफिसात, कालच्या भांडणात. माझं कित्येक वर्षं असंच चाललं. दोष कधी शेजारच्या टीव्हीला दिला, कधी फोनला. पण मणी माझ्याच बोटांत होता, तसं लक्षही माझंच होतं. हे कबूल केल्यावर जी रीत बसली, ती सांगते.

१. तुळशीची १०८ मण्यांची माळ घ्या. मधल्या बोटावर धरून अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढा. तर्जनी लावायची नाही, असा रिवाज आहे. फोन दुसऱ्या खोलीत. शेजारी उपडा ठेवलेला फोनसुद्धा मन खेचतो.

२. 'रामकृष्णहरी' म्हणा, किंवा घरात चालत आलेलं नाम. देवाधर्माचं नको असेल तर एका श्वासाला एक मणी. एका नामाला तीन सेकंद धरले, तर माळ साडेपाच मिनिटांत होते. सुरुवातीला एकच पुरे. अकरा माळांचा संकल्प आठवड्यात सुटतो.

३. जप तीन प्रकारचा: मोठ्याने तो वाचिक, नुसते ओठ हलतात तो उपांशु, आणि मनातल्या मनात तो मानस. मानस जप श्रेष्ठ मानतात, पण मन निसटतं तेही त्यातच. नवख्याने उपांशु करावा.

४. मन गेलंय हे ध्यानात आलं, तो क्षण महत्त्वाचा. सगळा अभ्यास तिथेच आहे. माळ पहिल्यापासून सुरू करू नका. स्वतःवर चिडू नका, चिडण्यात मन आणखी लांब जातं. बोटांतला मणी तिथेच धरा, पुढचे तीन मणी मोठ्याने म्हणा आणि प्रत्येक अक्षर कानांनी ऐका. मग पुन्हा उपांशु. एका माळेत वीसदा भरकटलात तर वीसदा परत या. तेवढ्या वेळा लक्ष तुम्ही स्वतः माघारी आणलंत, ही छोटी गोष्ट नाही.

५. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा वेगळा मणी, ओलांडत नाहीत, माळ उलटी फिरवतात. त्या वळणावर थांबा. मन कुठे गेलं होतं? वहीत एकच शब्द लिहा.

माझ्या वहीत पंधरा दिवस तोच शब्द येत होता: 'दादा'. भावाशी तीन महिने अबोला होता. ते काही माळेने सुटणार नव्हतं. दुसऱ्या खोलीतून फोन आणला आणि त्याला लावला.